‘पुट ऑफ’चा एकच अर्थ पाठ करून भागत नाही

मा. संपादक,
स.न.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांकडून ‘पुट ऑफ’ म्हणजे ‘पुढे ढकलणे’ एवढेच बहुधा पाठ करून घेतले जाते. हा अर्थ खरा असला, तरी तो कर्माच्या जागी एखादे काम, बैठक किंवा निर्णय असताना लागू पडतो. त्या जागी माणूस आला की अर्थ पालटतो. ‘द स्मेल पुट मी ऑफ’ या वाक्यात कोणी कोणाला ढकललेले नसते. त्या वासाने खाण्यावरची इच्छाच उडालेली असते. नेमबाजाबद्दल ‘द नॉइज पुट हर ऑफ’ म्हटले, तर गोंगाटाने तिचे लक्ष विचलित झाले असे समजावे, आणि ‘ही पुट मी ऑफ विथ अॅन एक्स्क्यूज’ म्हणजे त्याने सबब सांगून मला वाटेला लावले. क्रियापद तेच असूनही कर्म पाहिल्याखेरीज अर्थ लागत नाही, आणि नेमके हेच शिकवायचे राहून जाते.

‘कॉल ऑफ’शी होणारी गल्लत तर नुकसानकारक आहे, कारण रद्द झालेली परीक्षा आणि लांबणीवर पडलेली परीक्षा यांत फार अंतर आहे. रचनेचेही नियम आहेत: ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक, ‘पुट ऑफ गोइंग’ चालते, ‘पुट ऑफ टू गो’ चालत नाही.

‘पुट ऑन’च्या उलट म्हणून एखादा विद्यार्थी ‘पुट ऑफ युवर शूज’ लिहितो, तेव्हा त्याला हसणे मला अन्यायाचे वाटते. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये मोशेला पायांतले जोडे काढण्याची आज्ञा ‘पुट ऑफ’ याच शब्दांत दिलेली आहे. तो प्रयोग आता जुना झाला असून आज ‘टेक ऑफ’ म्हणतात, असे त्याला समजावून सांगावे. अशी क्रियापदे परकीयांना सर्वाधिक अडचणीची ठरतात, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. मराठीतील ‘बोलत बसणे’ आणि ‘बोलून बसणे’ यांतला फरक उमगताना परभाषकाचीही अशीच दमछाक होते.

आपल्या विद्यार्थी-पुरवणीत अशी क्रियापदे सुट्या अर्थांच्या यादीऐवजी, कर्म बदलून रचलेल्या पूर्ण वाक्यांतून द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक