दिवा विझला म्हणजे झडप बंद झाली, असं नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आमची वीज कंपनी अणुवीज प्रकल्पात भागीदार व्हायचा विचार करते आहे आणि त्यासाठी तिने नुकतीच एक ‘लोकसंवाद’ सभा घेतली. मी गेलो होतो. औष्णिक वीज केंद्रात ३१ वर्षं पाळ्या केल्या, त्यातली शेवटची बरीचशी कंट्रोल रूममध्ये. तिथली खोड अजून गेलेली नाही, त्यामुळे वही-पेन घेऊन बसलो. दोन तासांत सतरा प्रश्न आले. माझ्या वहीत ते वेळेनिशी आहेत. कंपनीकडे मात्र कुठेच नसावेत, कारण व्यासपीठावर पाच माणसं होती आणि लिहून घेणारं एकही नव्हतं.

कोणी मला विरोधकांच्या बाकावर बसवण्याआधी सांगून टाकतो, अणुविजेशी माझं भांडण नाही. हजार मेगावॉटचा औष्णिक संच पूर्ण लोडवर दिवसाला दहा-पंधरा हजार टन कोळसा खातो. तेवढ्याच क्षमतेच्या नेहमीच्या अणुभट्टीला वर्षभरात पंचवीसेक टन इंधन पुरतं. राखेचं करायचं काय, या एका प्रश्नात माझी अर्धी नोकरी गेली. तेव्हा कोळशाचे गोडवे मी गाणार नाही.

सभेत एका बाईंनी विचारलं, “हे सगळं थंड ठेवायला पाणी किती लागेल आणि ते कुठून आणणार?” उत्तरात पडद्यावर केळं आलं. केळ्यात पोटॅशियम असतं, त्यातलं थोडं किरणोत्सारी असतं, तरी आपण केळी खातोच ना, वगैरे. खरं आहे. निसर्गाकडूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतो, हेही खरं आहे. पण बाईंनी पाणी विचारलं होतं. आणि तो प्रश्न अगदी नेमका होता. भट्टीतल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. औष्णिक केंद्रात वाया जाणाऱ्या उष्णतेतली थोडी तरी धुराड्यातून निघून जाते, अणुकेंद्रात जवळजवळ सगळी कंडेन्सरमार्गे, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, थंडाव्याच्या पाण्याच्याच माथी बसते. म्हणजे कूलिंग टॉवर असतील तर तेवढ्याच युनिटांमागे पाण्याची वाफ जास्त. हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

माझा प्रश्न भट्टी बंद झाल्यानंतरचा होता. आमचा बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की कोळसा तुटतो, आग जाते, उरतो तो साठलेला ताप. अणुभट्टीतली अणू फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया काही सेकंदांत थांबवता येते, पण इंधनात तयार झालेली किरणोत्सारी द्रव्यं स्वतःच्या क्षयाने उष्णता देतच राहतात. ती काढणार कशी, असं मी विचारलं. “आधुनिक भट्ट्या पूर्णपणे सुरक्षित आहेत,” असं उत्तर मिळालं. टाळ्याही पडल्या.

सभा संपल्यावर बाहेर टेबलावर ठेवलेल्या मॉडेलपाशी कंपनीचीच एक तरुण इंजिनिअर उभी होती. तिला तोच प्रश्न विचारला. तिने पुस्तिका उलटी केली, मागच्या कोऱ्या पानावर झपकन खाली येणारी एक रेघ काढली आणि तिच्यावर तीन टिंबं दिली. पूर्ण लोडवरच्या उष्णतेपैकी बंद केल्याक्षणी उरते साधारण साडेसहा टक्के, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्धा टक्का. “सर, हजार मेगावॉट वीज म्हणजे तीन हजार मेगावॉट उष्णता. तुम्हीच हिशोब करा.” केला. दोनशे मेगावॉटच्या जवळ, तेही भट्टी बंद असताना! फुकुशिमात २०११ साली भूकंप होताच चालू भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या, हेही तिनेच सांगितलं. नंतर त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले आणि ही उरलेली उष्णता काढायला पंप फिरेनात. काही नव्या आराखड्यांत उंचावरच्या टाकीतलं पाणी नुसत्या गुरुत्वाकर्षणाने उतरतं, तीन दिवस पंपाची गरज पडू नये अशी रचना असते. “त्यानंतर मात्र टाकी भरावी लागते,” एवढं सांगायलाही ती चुकली नाही. दोन तासांच्या पडद्याने जो विश्वास वाटला नाही, तो त्या पाच मिनिटांत वाटला. तिला व्यासपीठावर खुर्ची नव्हती.

दोन दिवसांनी कंपनीने जाहीर केलं की सभेला ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ मिळाला आणि पुस्तिका सगळ्या संपल्या. हे वाचून मला थ्री माइल आयलंड आठवलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं ते केंद्र, २८ मार्च १९७९ची पहाट. दाब कमी करायला उघडलेली एक झडप परत बसलीच नाही आणि तिच्यातून भट्टीचं पाणी जात राहिलं. पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला होता, म्हणून ऑपरेटर समजले की झडप बंद आहे. खरं म्हणजे तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. तिला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढंच दाखवत होता. गळती थांबायला दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि भट्टीच्या गाभ्याचा, म्हणजे इंधन असतं त्या भागाचा, मोठा हिस्सा वितळला. पॅनेलसमोर बसलेल्या कुणालाही ही हकीकत वाचून झोप लागणार नाही. पुस्तिका वाटल्या, खुर्च्या भरल्या, हा झाला गेलेला हुकूम. त्या बाईंना पाण्याचं उत्तर मिळालं का, हे दाखवणारा दिवा कंपनीच्या पॅनेलवर बसवलेलाच नाही.

पैशाचा प्रश्न एका तरुणाने काढला. प्रकल्प अर्ध्यात बारगळला तर खर्च कुणाच्या बिलात येणार? “तो विषय आजच्या कार्यक्रमात नाही.” मग कधीच्या आहे? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक वीज संस्थांनी एकत्र येऊन पाच अणुभट्ट्या बांधायला घेतल्या, पूर्ण झाली एक. बंद पडलेल्यांपैकी दोघींसाठी काढलेले सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे १९८३ मध्ये बुडाले. अलीकडचं उदाहरण तर आमच्या परिस्थितीशी जास्त जुळतं. युटाह आणि आसपासच्या राज्यांतल्या गावोगावच्या छोट्या वीज संस्थांनी मिळून छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प धरला होता, सहा भट्ट्या, ४६२ मेगावॉट. मेगावॉट-तासाला ५८ डॉलर धरलेला दर जानेवारी २०२३ मध्ये ८९ झाला, तोही सरकारी सवलत धरून. नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळला. पण तिथल्या करारात ठरावीक टप्प्यांवर बाहेर पडायची सोय होती. लोगन आणि लेहाय ही गावं २०२० मध्येच, आकडे पाहून, बाहेर पडली होती. आमच्या कंपनीच्या करारात असा टप्पा असेल का, असेल तर किती खर्च झाल्यावर, आणि त्याआधी आम्हाला आकडे दाखवणार का? माझ्या वहीत हा बारावा प्रश्न आहे.

यावर कंपनीतले माझे जुने सहकारी म्हणतात, “लोकांना सगळं सांगितलं तर लोक घाबरतात.” मला उलटं वाटतं. फिनलंडमध्ये वापरलेलं इंधन चारशे मीटरहून खोल खडकात कायमचं पुरायची जागा ठरवायची होती. तिथल्या कायद्याने पालिकेला नकाराधिकार दिलेला आहे. युराजोकीच्या पालिकेने ‘नाही’ म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. तिने २००० साली होकार दिला. गावाजवळच आधीपासून भट्ट्या चालत होत्या, लोकांना त्या ओळखीच्या होत्या, हे कारण आहेच. पण ‘नाही’ म्हणायचा हक्क खिशात असलेला माणूस प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतो आणि समोरच्यालाही उत्तर वेगळ्या तऱ्हेने द्यावं लागतं. आमच्या सभेत तसा हक्क कुणाच्याच खिशात नव्हता. कंपनी विचार करते आहे की विचार करून झाला आहे, हेसुद्धा शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्याकडे पाळी बदलताना लॉगबुक समोरासमोर वाचलं जायचं. कुठला पंप आवाज करतो, कुठला अलार्म वाजून गेला, कुणी काय केलं. येणाऱ्याने सही केल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. मी कंपनीकडे यापलीकडे काही मागत नाही. आलेला प्रश्न, त्याचं उत्तर, उत्तर देणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख एका वहीत लिहावी. उत्तर नसेल तर ‘नाही’ असं लिहावं. पुढची सभा ती वही वाचून सुरू करावी आणि त्या इंजिनिअर मुलीला माइक द्यावा.

सतरा प्रश्न स्वच्छ अक्षरात लिहून मी कंपनीच्या कार्यालयात द्यायला गेलो होतो. खिडकीवर सांगितलं की अभिप्राय फक्त ऑनलाइन घेतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रश्नाला जागाच नाही, सभा ‘छान’, ‘बरी’ की ‘सुधारणेस वाव’ एवढंच विचारलं आहे. म्हणून त्या कागदाची प्रत या पत्रासोबत जोडत आहे. जागा असेल तर छापावी, नसेल तर आपल्या वार्ताहरामार्फत कंपनीकडे पोचवावी. मला पोच मिळाली नाही, आपल्याला बहुधा देतील.

आपला नियमित वाचक,
औष्णिक केंद्रातला एक निवृत्त ऑपरेटर