बाबा, दाढ आधी भरून घ्या

होम्बुर्ग, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईकडून कळलं, दाढ ठणकतेय तरी तुम्ही लवंगेच्या तेलावर रेटताय. का, तर व्हॉट्सॲपवर आलंय की जर्मनीत ड्रिल न लावताच कीड मारतात! बाबा, ते संशोधन मी राहते त्याच गावातलं आहे, आणि तेही २०१० सालचं.

झारलांड विद्यापीठाची वैद्यकीय शाखा इथे होम्बुर्गला आहे. तिथले डॉ. स्टेफान रूप्फ आणि लाइपझिगचे संशोधक यांनी उपटलेल्या दाढांमधल्या डेंटिनच्या, म्हणजे वरच्या कठीण कवचाखालच्या थराच्या, चकत्या घेतल्या. त्यांवर जंतू सोडले. दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स त्यात होताच. मग थंड प्लाझ्माचा झोत मारला, फक्त ६, १२ किंवा १८ सेकंद. काही चकत्यांवर जंतू दहा हजारपटींनी घटले.

प्लाझ्मा म्हणजे वीज लावून ज्याच्या काही अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे केलेत असा वायू. आपल्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो. त्यातले इलेक्ट्रॉन भयंकर तापलेले असतात, पण ते इतके हलके की जड अणूंना फारशी उष्णता देऊच शकत नाहीत. म्हणून झोत साधारण चाळिसेक अंशांचाच राहतो आणि दाताची नस भाजत नाही. हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनपासून त्यात अतिशय चळवळे रेणू तयार होतात, ते जंतूंचं आवरणच फोडतात. शिवाय वायूच तो, ड्रिल पोचत नाही अशा बारीक भेगांतही शिरतो. मला तरी यातलं हेच सगळ्यात आवडलं.

पण चकती वेगळी आणि तुमची दाढ वेगळी. खऱ्या किडीत जंतूंचे थरावर थर असतात, आणि त्यांच्या आम्लाने दात विरघळून मऊ झालेला असतो. जंतू मेले म्हणून खड्डा बुजत नाही. तो भाग कोरायचा आणि सिमेंट भरायचं, हे उरतंच. प्लाझ्मा फार तर भरण्याआधी खड्डा निर्जंतुक करेल. संशोधक तेव्हा म्हणत होते, तीन ते पाच वर्षांत दवाखान्यात येईल. माझी दाढ इथे भरली ती ड्रिलनेच! जर्मनीत प्लाझ्मा रुग्णांपर्यंत पोचलाय तो मुख्यतः बऱ्या न होणाऱ्या जखमांसाठी. ग्राइफ्सवाल्ड शहरात घडवलेल्या, आर्गॉन वायूचा प्लाझ्मा करणाऱ्या यंत्राला २०१३ मध्ये त्यासाठी मान्यता मिळाली.

तेव्हा सोमवारी नंबर लावा. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली तर रूट कॅनॉल, म्हणजे खर्चही वाढला आणि खेपाही. जाताना शुगरचे रिपोर्ट न्या आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत ते डॉक्टरांना आधीच सांगा. ड्रिलच्या आवाजाचीच भीती असेल तर दादाला सोबत न्या, त्याला मी बजावलंय.

आईस नमस्कार.

तुमची,
चिमी