ईमॅक्ससोबतची पंधरा वर्षं

पुणे,
१२ जुलै

प्रिय मिलिंद,

"पंधरा वर्षं त्या ईमॅक्सला, त्या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमला, का धरून बसलायस?" असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवातीचे सहा महिने जड गेले. सारखं कंट्रोल दाबून करंगळी ठणकायची. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल आणला तेव्हा कुठे आराम पडला. पण एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात मनात बसली. कंट्रोल-एच, मग के, मग हवी ती कळ दाबायची. ती कळ कुठलं फंक्शन चालवते ते समोर येतं. तिथल्या फाइलच्या नावावर एंटर मारलं की त्याचा लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोडच उघडतो. तो बदलायचा आणि ईमॅक्स बंद न करता लगेच वापरायचा! मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कर्ता रिचर्ड स्टॉलमननं १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स लोकांच्या हाती दिलं ते याच हट्टापायी, की वापरणाऱ्याला आतलं सगळं दिसलं पाहिजे.

भाषांतरात मला इंग्रजी आकडे देवनागरीत करावे लागतात. त्यासाठी आठ ओळींचं फंक्शन लिहिलं. मजकूर निवडायचा, एफ-नाइन दाबायचं, झालं. अकरा वर्षं रोज वापरतोय. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टाइप करायची कळांची मांडणीही आतच आहे, कंट्रोल-बॅकस्लॅशनं चालू होतं. जोडाक्षरं मात्र माझ्याकडे बरीच वर्षं तुटायची. २०२० साली सत्ताविसाव्या आवृत्तीत हार्फबझ, म्हणजे अक्षरं नीट जुळवून दाखवणारी लायब्ररी, आली आणि 'दुसऱ्या'तला अर्धा र पहिल्यांदा नीट उमटला. त्या दिवशी मी उगाचच 'तऱ्हा', 'कैऱ्या', 'वाऱ्यावर' असं पानभर लिहीत बसलो होतो.

एकदा फार वाईट फसलो. काम द्यायच्या आदल्या रात्री सगळी पॅकेजेस, म्हणजे वरून जोडलेले जादा भाग, एकदम अपडेट केली आणि ईमॅक्स उघडेचना. शेवटी मायनस क्यू हा पर्याय लावून, म्हणजे माझी इनिट फाइल (सुरू होताना वाचली जाणारी माझ्या सेटिंग्जची फाइल) न वाचता, उघडलं. मग त्या फाइलचा अर्धा-अर्धा भाग बंद करत दोष शोधला. पहाटेचे चार वाजले. तेव्हापासून ती फाइल गिटमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, असते.

आईच्या आजारपणात तिची औषधं, तपासण्या, डॉक्टरांच्या वेळा सगळं ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे ईमॅक्समधल्या नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायच्या सोयीत, होतं. सकाळी अजेंडा उघडला की दिवस कळायचा. ती फाइल साधा मजकूर आहे, अजून तशीच उघडते. मी ती पुसलेली नाही.

इनिट फाइलमध्ये प्रत्येक बदलाशेजारी तारीख आणि कारण मराठीत लिहून ठेवलंय. गणपतीत येशील तेव्हा दाखवतो. तोवर जमलं तर कंट्रोल-एच आणि टी दाबून आतला धडा एकदा करून बघ, तासाभराचं काम आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अवि