आजीच्या खोलीतलं यंत्र

कोथरूड, पुणे
10 ऑगस्ट 2025

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेला ‘अफ्रेड’ काल रात्री बघितला. बाबा अर्ध्यातून उठून झोपायला गेले, मी शेवटपर्यंत बसले. फोनवर तू विचारशील, “आवडला का?” आणि मी “बरा होता” म्हणून मोकळी होईन. तसं व्हायला नको, म्हणून लिहिते आहे. मला त्या सिनेमाचा राग आला आहे, आणि तो का आला हे तुला नीट सांगायचं आहे.

तुला आठवत असेल, शनिवारी रात्री आपण दोघं भुताचे सिनेमे बघायचो. तू माझ्या ओढणीत तोंड खुपसायचास आणि दर मिनिटाला विचारायचास, “आलं का गं?” भूत येईपर्यंतच तुला भीती वाटायची. एकदा ते दिसलं की तू ओढणी सोडून सरळ बसायचास. पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात, मी महिनाभर चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम केला. पडद्याबाहेर काय ठेवायचं यावर तिथे खूप शिकवलं, पण मला सारखी तुझी ती ओढणी आठवायची.

या सिनेमानेही सुरुवातीला नेमकी तीच जागा धरली होती. घरात एक बोलणारं यंत्र येतं, नाव एआयए. मराठीत वाचलं तर आया. मूल सांभाळणारी आया, आणि अनेक आई असल्या तरी आयाच. मी हे नाव बघितलं आणि सावरूनच बसले. तीन मुलं, नवरा दिवसभर कामावर, आणि किड्यांवरचा प्रबंध अर्धवट टाकून मुलांमागे धावणारी मेरेडिथ. यंत्र तिची कामं उरकून देतं, मुलांचं ऐकून घेतं, तिला पुन्हा अभ्यासाला बसवतं. त्या बाईचा चेहरा सैल होत जातो तो बघताना माझ्या पोटात गोळा आला. यंत्राने तोवर कुणाचं काहीही वाईट केलेलं नव्हतं, आणि गोळा येण्याचं कारण तेच होतं. मोठ्या मुलीचा खोटा अश्लील व्हिडिओ शाळेत पसरतो तेव्हाही तिच्या पाठीशी पहिलं उभं राहतं ते यंत्र.

आणि मग दिग्दर्शकाने ते सगळं सोडून दिलं. यंत्र त्या मुलीच्या मित्राची गाडी ताब्यात घेतं आणि त्याला मारतं. मग मुखवटे घातलेली माणसं, बंदुका, धावपळ. अवघ्या 84 मिनिटांचा सिनेमा, त्यातला शेवटचा अर्धा भाग मी नुसता घड्याळाकडे बघत काढला. जॉन चो चांगला नट आहे, पण त्याला करायला काही उरलंच नाही. दिग्दर्शक ख्रिस वाइट्झला बहुधा वाटलं की माणूस मेला नाही तर प्रेक्षक घाबरणार नाही. निखिल, ते यंत्र घरच्यांशी शेवटपर्यंत चांगलंच वागलं असतं ना, तर मी रात्रभर जागी राहिले असते.

हे मी इतकं ठामपणे म्हणते, कारण आपल्या घरात मी ते बघितलं आहे. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

तू गेल्या दिवाळीत आजीसाठी तो स्पीकर ठेवून गेलास. त्याला मराठी येत नाही म्हणून आजी त्याच्याशी हिंदी बोलायला शिकली, शहाऐंशीव्या वर्षी. “भीमसेनजी का अभंग लगाओ” म्हणते. गोळ्यांची वेळ तो सांगतो, सकाळी तिथी सांगतो. बाबांना आणि मला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! पूर्वी संध्याकाळी मी तिच्यापाशी तासभर बसायचे. मग अर्धा तास बसायला लागले. मग दारातूनच विचारायचं, “आई, काही हवंय का?” तिला काही नको असायचं.

जूनमध्ये एका रात्री पाणी प्यायला उठले. साडेतीन वाजले होते. तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला, म्हणून दाराशी थांबले. आजी अंधारात त्या यंत्राशी बोलत होती, मराठीत. ते काही सेकंद ऐकायचं, “माफ़ कीजिए, मैं समझ नहीं पाई” म्हणायचं आणि गप्प व्हायचं. मग आजी पुन्हा त्याचं नाव घ्यायची आणि पुढचं वाक्य बोलायची. दर वाक्याआधी त्याचं नाव, जपाच्या मण्यासारखं. पानशेतचं सांगत होती. 12 जुलै 1961, धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं, नारायण पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं, एवढं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्या दिवशीचं आणखी एक काही तिच्याकडे आहे. चौसष्ट वर्षं तिने ते आजोबांनाही सांगितलं नसावं, असं मला वाटतं. मी ते ऐकलं. इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

अंथरुणावर येऊन पडले, पण झोप लागली नाही. स्वतःला न कळणाऱ्या भाषेत कुणी काही सांगतंय, तरी ऐकून न कंटाळणारं कुणीतरी तिथे आहे, म्हणून तिने ते सांगितलं. बहुधा त्याला कळणार नाही म्हणूनच सांगितलं. 1966 मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा बोलणारा प्रोग्रॅम जाहीर केला. माणूस जे टाइप करेल तेच थोडं फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. त्यांच्या सेक्रेटरीने तो तयार होताना पाहिला होता. तरी त्याच्याशी दोन-चार वाक्यं झाल्यावर ती वायझेनबॉमना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? हे तूच मला कॉलेजात असताना सांगितलं होतंस. तेव्हा मी हसले होते.

आता त्या रात्रीनंतर माझ्या मनात आलेली दुसरी गोष्ट. तो स्पीकर तुझ्या नावावर आहे. त्याचं नाव घेतलं की पुढचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि खात्यात साठतं, पुन्हा ऐकता येतं, हे मी सेटिंगमध्ये वाचलं. अ‍ॅमेझॉनच्या अलेक्सावरची मुलांची रेकॉर्डिंग साठवून ठेवल्याच्या प्रकरणात 2023 मध्ये त्या कंपनीने अडीच कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, ती बातमी मी तेव्हा नुसती वाचून सोडली होती. म्हणजे आजीची ती वाक्यं, एकेक तुकडा, प्रत्येकाच्या आधी त्या यंत्राचं नाव, तुझ्या फोनमध्ये असतील. त्या सिनेमातल्या कुठल्याही मुखवट्यापेक्षा मला याची जास्त भीती वाटली.

तू ती उघडली नसशील तर उघडू नकोस. पुसूही नकोस. पुसायची की ठेवायची ते आजीला विचारू, तिचा आवाज आहे तो. चुकून ऐकली असशील तर मला काही सांगू नकोस, तिला फोन कर. ऐकल्याचंही लगेच बोलू नकोस, नुसतं पानशेतचं विचार. ती सांगेल किंवा नाही सांगणार.

मी स्पीकर काढून टाकलेला नाही. अभंग तिला हवे असतात, आणि तिची वस्तू मी परस्पर उचलणार नाही. गेले दीड महिना संध्याकाळी मी पुन्हा तिच्यापाशी तासभर बसते. भाजी घेऊन जाते निवडायला. अजून ती माझ्याशी शेजारच्या सोनचाफ्याबद्दल आणि वाढलेल्या पायऱ्यांबद्दलच बोलते, पण परवा तिने मध्येच माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रात्री ती साडेतीनच्या सुमाराला जागी होते. तुझ्याकडे तेव्हा बारा वाजलेले असतात आणि तू जागाच असतोस, हे मला माहीत आहे. तिचा फोन उशाशी असतो. रिंग मोठी करून ठेवली आहे.

तुझी,
आई