दाराशी ठेवलेला वरवंटा

पाटण

प्रिय मित्रा,

आजी गेली, एवढंच त्या दिवशी फोनवर बोलता आलं. तू लगेच ‘निघतो’ म्हणालास आणि मीच नको म्हणालो. नागपूरहून तू पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. काल तेरावं झालं. पाहुण्यांपैकी निम्मे गेले, निम्मे आहेत. मी माजघरात, तिच्या खाटेशेजारी बसून लिहितोय. खाट अजून कुणी हलवलेली नाही.

कराडला इंजिनिअरिंगला असताना तू पहिल्यांदा आमच्याकडं मुक्कामाला आलास, त्या रात्री दचकून उठला होतास. अंधारात कुणीतरी डोक्याला हात लावून गेलं म्हणालास. ती आजी होती. सगळे झोपले की ती उठायची, एकेकाच्या डोक्याला हात लावत फिरायची आणि पुटपुटत आकडे म्हणायची. तू मला विचारलंस, ‘काय मोजतात रे त्या?’ मी ‘सवय आहे तिची’ म्हणून विषय टाळला. तेव्हा आपण एकोणीस-वीस वर्षांचे होतो आणि मला तिची जरा लाजच वाटली होती. आज ते सगळं तुला नीट सांगायचं आहे, कारण तूही तिच्या मोजदादीत होतास.

तिचं माहेर माण तालुक्यातलं. जिल्हा सातारा तोच, पण तिकडं पावसाची वाट बघत आभाळाकडं डोळे लावायचे आणि इकडं पाटणला चार महिने अंथरुणाला ओल यायची. सातवी झाल्यावर दोन-तीन वर्षांत लग्न झालं. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी घातलेली, एक जून. त्या हिशेबानं गेली तेव्हा पंच्याऐंशीची होती. आजोबा कोयना प्रकल्पावर स्टोअरमध्ये कारकून होते. आठवडाभर कोयनानगरच्या वसाहतीत राहायचे, सुट्टीला घरी यायचे. घर, म्हातारी सासू आणि तीन मुलं आजीकडं.

११ डिसेंबर १९६७, सोमवारची पहाट. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कडाक्याची थंडी. आजी सांगायची, आधी जमिनीखालनं गाडी गेल्यासारखा आवाज आला, आन मग सगळं हाललं. कौलं धडाधड पडायला लागली. दगडमातीची मागची भिंत आडवी झाली. दोन मुलांना काखेत आणि तिसऱ्याला सासूच्या हाताला देऊन ती दाराशी आली, तर दार उघडेना. चौकट कलली होती आणि कडी कोयंड्यात घट्ट रुतून बसली होती. तिनं अंधारात चाचपून पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कोयंड्यावर घालत राहिली. किती घाव घातले ते तिला कधीच सांगता आलं नाही. कोयंडा निखळला, वरवंट्याचाही टवका उडाला. अंगणात आल्यावर तिनं अंधारात एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. तीन मुलं, सासू. चार. पाचवा माणूस कोयनानगरला, आणि तिकडून काहीच कळेना.

उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. कोयनानगरची वसाहत जमीनदोस्त झालीय, धरण फुटलंय, पाणी येतंय. आजूबाजूची माणसं लेकरं घेऊन डोंगराकडं पळत होती. आजी हलली नाही. सासूला चालवत नव्हतं, आणि आजोबा आले तर त्यांना दारात कुणीतरी दिसायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. धरण फुटलेलं नव्हतं. भिंतीला वरच्या अंगाला भेगा गेल्या होत्या, पण ते उभं राहिलं. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली आणि जखमी दोन हजारांच्या वर. मुंबईची वीज गेली, याचा गवगवा जास्त झाला. संध्याकाळी दिवेलागणीला आजोबा पायी चालत आले. धुळीनं माखलेले, पायात एकच वहाण. त्यांच्या खोलीतला जोडीदार ढिगाऱ्यातून निघालाच नव्हता. आजी पुढं झाली, त्यांच्या डोक्याला हात लावला आणि म्हणाली, ‘पाच.’ आजोबा तिथंच मटकन खाली बसले. बाबा तेव्हा सात वर्षांचे. हा शेवटचा भाग आजीनं कधीच सांगितला नाही, बाबांनी सांगितला, तोही त्या दिवशी, तिला पोचवून आल्यावर.

त्यानंतर तिनं रात्री दाराला कडी लावू दिली नाही. दार नुसतं लोटायचं आणि वाऱ्यानं उघडू नये म्हणून आतून वरवंटा टेकवून ठेवायचा. सकाळी तोच धुऊन पाट्यावर. तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी तू डबा भरून होस्टेलवर न्यायचास ना, ती ह्याच वरवंट्याची. आत्ता तो माझ्यासमोर आहे. काळा, मधोमध झिजून बारीक झालेला, एका टोकाला अंगठा बसेल एवढा टवका उडालेला. तिचा अंगठा नेमका तिथंच बसायचा. मी लावून बघितला, माझा बसत नाही.

१९७२च्या दुष्काळात तिच्या माहेरचे सगळे खडी फोडायच्या कामावर गेले. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, कामावर खायला सुकडी. आजी माहेरी जाऊन आली ती दोन भाचे बरोबर घेऊनच. घरात विचारलं नाही कुणाला. सासूबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांनी पहिले काही दिवस तोंड फिरवलं. भाचे दीड वर्ष राहिले. ती त्यांना आधी वाढायची आणि आपली भाकरी शेवटी, उरली तर. परवा ते दोघे आले होते, आता सत्तरीकडं झुकलेले. दारातून आत यायच्या आधीच मोठा उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला.

एक गोष्ट मात्र मला टोचते आणि ती तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलवत नाही. त्याच सुमारास गावात बालवाडी सुरू झाली होती. आजी सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. तिला बाई म्हणून ये असा निरोप आला. आजोबा म्हणाले, ‘आईचं कोण करणार?’ विषय तिथंच संपला. सासूबाईंचं तिनं अकरा वर्षं केलं, पाठीला एक जखम होऊ दिली नाही. तेराव्याला सगळे हेच कौतुकानं सांगत होते, की कधी तोंडातून ब्र काढला नाही. मित्रा, मला हे कौतुक पुरं ऐकवेना. मी दहावीत असताना एकदा ती माझी वही बघत बसली होती. पानांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, ‘मला पोरं शिकवायला आवडलं असतं रं.’ एवढंच. मग उठून चुलीकडं गेली. तिनं केलं ते मनापासून केलं, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण तिला ते वाक्य एकदाच म्हणता आलं, हेही तिच्याच आयुष्यातलं आहे, आणि ते गाळून तिच्याविषयी बोलायला माझं मन धजत नाही.

आजोबा १९९६ला गेले. बाबा, काका, आत्या आपापल्या संसाराला लागले, नातवंडं झाली, पुण्या-मुंबईला पांगली. तिचा आकडा वाढत गेला आणि समोर झोपणारी डोकी कमी होत गेली. मग ती फोनवरून मोजायला लागली. रात्री नऊला एकेकाला फोन. ‘जेवलास? निजतोस नव्हं आता?’ बस, दुसरं काही नाही. मी कितीदा मीटिंगमध्ये आहे म्हणून तो फोन कापला.

काही वर्षांपूर्वी मी तिला गाडीत घालून कोयनानगरला नेलं. जन्मभर पाटणला राहून तिनं धरण बघितलेलं नव्हतं. आजोबा असताना वेळ नव्हता आणि नंतर मन नव्हतं. बागेतून समोर भिंत दिसते, १०३ मीटर उंच. मी तिला सांगत होतो, की जलाशयात पाणी साठलं म्हणून भूकंप झाला असं शास्त्रज्ञ मानतात, कोयनेचं उदाहरण जगभर शिकवलं जातं, आणि आता जमिनीत ३ किलोमीटर खोल बोअर मारून खालचे खडक तपासलेत. ती ऐकत होती, नजर भिंतीवर. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘तवा फुटलं न्हाई, लई उपकार झालं.’ मग पदर डोक्यावर घेतला आणि धरणाला हात जोडले. परतताना गाडीत मागं वळून आमची मोजदाद केली.

शेवटच्या महिन्यात ती कुणाला फारसं ओळखत नव्हती. बाबांना भाऊ समजायची. पण रात्री हात उठायचा आणि गोधडीवर एकेक बोट टेकत जायचा. मी कान देऊन ऐकलं. बाबा, काका, आत्या, सुना, जावई, आम्ही सगळे, माझी मुलगी, दोन्ही भाचे. नावं नव्हती, आकडेच, पण क्रम तोच. शेवटी ती थांबायची आणि आणखी एक बोट टेकायची. मी आत्याला विचारलं, हा कोण? आत्या म्हणाली, ‘अरे, तुझा तो नागपूरचा मित्र. दिवाळीला घरी जायला पैसे नव्हते म्हणून इथं राहिला होता बघ. तवापास्नं धरतीय ती त्याला.’

दोन वर्षांपूर्वी तू आलास, तेव्हा तिनं तुझ्या डोक्याला हात लावला होता ना, निघताना? तो आशीर्वाद होता तसा हिशेबही होता.

काल रात्री घरात आम्ही चौदाजण होतो. गाद्या पुरल्या नाहीत, माळ्यावरून सतरंज्या काढल्या, त्यात तू वापरायचास ती निळ्या पट्ट्यांचीही निघाली. दिवे गेल्यावर बराच वेळ कुणालाच झोप नव्हती, सगळे गप्प पडून होते. काकांनी झोपायला जाताना सवयीनं दाराला कडी लावली होती. रात्री दोनच्या सुमाराला बाबा उठले. पासष्टी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर हात ठेवत, कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून भिंत धरून दारापाशी गेला. त्यांनी कडी काढली. मग स्वयंपाकघरात जाऊन वरवंटा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि दाराला टेकवून ठेवला.

परत येताना त्यांचा हात माझ्या डोक्याला लागला. मी डोळे मिटून पडून राहिलो.

पुढच्या महिन्यात जमवून ये. मी तेव्हा इथंच आहे. सतरंजी वाळत घातलीय.

तुझाच