कवीचा रकाना रिकामा का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१३ फेब्रुवारीच्या जागतिक रेडिओ दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेख वाचले. निवेदकांवर, फर्माइशीच्या पत्रांवर, जुन्या श्रोत्यांवर छान लिहिलं होतं. गाणी जिथे ठेवली जातात त्या खोलीबद्दल मात्र एकाही लेखात चकार शब्द नव्हता. माझी सगळी नोकरी एका रेडिओ केंद्राच्या ध्वनिमुद्रिका संग्रहात, आमच्या रोजच्या बोलण्यात ‘लायब्ररीत’, गेली. म्हणून हे पत्र.

परवा सकाळी एका एफएम वाहिनीवर ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लागलं. निवेदिकेने लतादीदींचं नाव घेतलं, गाणं झालं, जाहिरात सुरू झाली. कवी पी. सावळारामांचं नाव नाही, संगीतकार वसंत प्रभूंचं नाही. हे मी ऐकत होते ठाण्यात! सावळाराम इथे राहिले, इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, त्यांच्या नावाने या शहरात पुरस्कार दिला जातो. त्यांच्याच गावात त्यांचं गाणं बिननावाचं वाजतं, याचं मला फार वाईट वाटलं.

निवेदिकेला मी दोष देणार नाही. तिच्यासमोरच्या पडद्यावर ती नावं बहुधा नव्हतीच. ती का नसतात, हे श्रोत्यांना कळायला हवं.

आमच्याकडे एका तबकडीची निदान तीन कार्डं असत. एक गाण्याच्या पहिल्या ओळीचं, एक गायकाचं, एक संगीतकाराचं. प्रत्येकावर कवीचं नाव, कंपनीचा क्रमांक, कपाटाचा क्रमांक, मिनिटं-सेकंद. खाली बारीक अक्षरात शेरे : ‘सुरुवातीला खरखर’, ‘दुसऱ्या अंतऱ्यात सुई अडकते’. ड्युटीवरचा माणूस तो शेरा वाचून दुसरी प्रत मागायचा. सुई गाण्याच्या सुरुवातीवर ठेवायची, तबकडी बोटाने अर्धा फेरा मागे घ्यायची आणि निवेदन संपताक्षणी सोडायची, की गाणं नेमकं उचललं जायचं. वाजून झालं की क्यू शीटवर, म्हणजे वाजलेल्या गाण्यांच्या नोंदीच्या कागदावर, सगळी नावं पेनाने लिहायची. मानधनाचा हिशेब त्या कागदावरूनच होत असल्यामुळे कवीचं नाव गाळून चालतच नसे.

मग गाणी संगणकावर चढली. चढायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ध्वनिमुद्रणाच्या स्पूलच्या फिती चिकट होऊन खराब होत होत्या, लाखेच्या तबकड्या हातातून निसटल्या की संपल्या. पण चढवण्याचं काम घाईत झालं आणि बऱ्याच ठिकाणी ते ज्यांच्या हाती पडलं त्यांना गाण्याची ओळख नव्हती. भरले गेले ते तीन रकाने : गाण्याचं नाव, आर्टिस्ट, अल्बम. ही मांडणी मुळात परदेशी संगीताला सोयीची, जिथे गाणारा गट बहुधा स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो. आपल्याकडे एका गाण्यामागे तीन वेगळी माणसं. त्या एका ‘आर्टिस्ट’मध्ये गायक बसला, कवी आणि संगीतकार बाहेर राहिले. सुधीर फडक्यांचं नाव त्या रकान्यात दिसलं तर ते गायक म्हणून आहे की संगीतकार म्हणून, हे संगणकाला कुठून कळणार? जास्तीचे रकाने करता येतात हो. ते भरायला कोणी बसत नाही.

आज वाहिन्यांवर गाणं निवडतो तो बहुतेक वेळा संगणकच. एक गाणं किती तासांनी पुन्हा यावं, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, संथ गाण्यानंतर उडत्या चालीचं यावं, असे नियम एकदा घालून दिले की दुसऱ्या दिवसाची यादी तो काढून देतो. संगीत विभागाचा माणूस तिच्यावरून नजर फिरवतो. आता एकच गायिका एका ठिकाणी ‘लता’, दुसऱ्या ठिकाणी ‘लता मंगेशकर’ आणि तिसरीकडे रोमन लिपीत भरलेली असेल, तर संगणकाच्या लेखी त्या तीन वेगळ्या गायिका! मग लागोपाठची गाणी येतात आणि श्रोते म्हणतात, यांच्याकडे दुसरं काही नाहीच वाटतं. याच्या उलट, ज्या गाण्याला कुठला वर्गच दिलेला नाही ते यादीत कधी येतच नाही. पुसलेलं नसतं, डिस्कवर सुखरूप असतं, पण वाजत नाही. किती मराठी भावगीतं अशी पडून असतील या विचाराने माझ्या जिवाची घालमेल होते.

गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. आठवड्याला एक अशी ५६ गीतं, गदिमांचे शब्द, बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. त्या पहिल्या प्रसारणात गाणारे अनेक होते. सीतेची बरीच पदं माणिक वर्मांनी गायली होती. बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका नंतरच्या. ‘गीतरामायण, सुधीर फडके’ एवढंच भरलं, की हा सगळा इतिहास त्या तीन शब्दांत गडप.

आवाजाबद्दलही थोडं लिहिते. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट माहिती असते. १२८ किलोबिटच्या एमपीथ्री फाइलमध्ये तिचा अकरावा हिस्सा उरतो आणि गाळलेलं परत येत नाही. मूळ तबकडी कपाटात असताना कुठूनतरी उतरवून घेतलेली अशी फाइल लावली जाते, केंद्रात ती पुन्हा दाबून लहान केली जाते, आणि अभंगातले टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे ऐकू येतात. तबकडी संगणकावर उतरवतानाही, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला नंतरच्या एलपीची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर मुद्रित होते. वेगही सांभाळावा लागतो. जुन्या तबकड्या सगळ्याच काटेकोर ७८ फेऱ्यांच्या नसत. ७८ची तबकडी ८०ने फिरवली तर गाणं जवळजवळ पाव स्वराने चढतं. आमच्याकडचे एक ज्येष्ठ सहकारी पेटीवर सूर धरून खात्री केल्याशिवाय पुढे जात नसत. एका गाण्यावर सकाळ गेली तरी चालेल, म्हणायचे.

कायद्याचंही पाठबळ आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ३१ड हे कलम आलं. त्याखालच्या परवान्यावर गाणी वाजवणाऱ्या प्रसारकाने रचनाकारांची आणि मुख्य कलाकारांची नावं प्रसारणासोबत सांगायची आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. रचनाकार म्हणजे कवी आणि संगीतकार दोघेही. तीन नावं घ्यायला पाच सेकंद लागतात. खासगी वाहिन्यांना जाहिरातींवर जगायचं असतं, सेकंदासेकंदाचा हिशेब असतो, हे मी जाणते. तरी पाच सेकंद जड नाहीत.

माझी मागणी एवढीच, की मुंबई-ठाण्यात ऐकू येणाऱ्या सर्व वाहिन्यांनी, सरकारी असोत वा खासगी, आपल्या मराठी गाण्यांचे रिकामे रकाने भरून घ्यावेत. आणि तोपर्यंत एकही तबकडी भंगारात देऊ नये. तबकडीच्या लेबलवर आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेल्या क्रमांकात जे असतं, ते फाइलमध्ये नसतं.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला माहीत आहे. नौपाड्यात, कळव्यात, वाशी-नेरूळला आमच्यासारखे निवृत्त लोक आहेत. कोणी संग्रहात काम केलेलं, कोणी निवेदन केलेलं, कोणाकडे घरी ध्वनिमुद्रिकांच्या छापील सूच्या आहेत. आम्हाला संगणकावर मराठी लिहिता येतं. केंद्रांनी गाण्यांच्या याद्या तेवढ्या काढून द्याव्यात. कवी, संगीतकार, गायक, साथीदार, मूळ तबकडीचा क्रमांक, जे जे सापडेल ते तपासून आम्ही भरून देऊ. मोबदला नको. कोणी विचारणा केली तर आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता दिलेला आहे, तो अवश्य कळवावा.

आपली नम्र,
एक निवृत्त संग्रहपाल,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)