शुगरवाल्यांच्या हिरड्या कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.

शुगर असलेल्यांनी काय जपावं हे कुठेही वाचायला घ्या, डोळे, किडनी, पाय एवढंच असतं. हिरड्यांचं नाव कोणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या आईला बारा वर्षं शुगर आहे. गोळ्या वेळेवर, भात बंद, संक्रांतीचा तिळगूळसुद्धा अर्धाच खाते, तरी तीन महिन्यांची शुगर नऊच्या खाली यायचं नाव घेईना. डॉक्टर गोळी वाढवायचे आणि आम्ही घरात तिच्यावरच डाऊट घ्यायचो की ही चोरून काहीतरी खातेय. मग एक दिवस पेरू खाताना मधेच थांबली, फोड ताटात परत ठेवली आणि म्हणाली, दात हलतोय रे. बघतो तर खालचे पुढचे दोन दात बोटाने हलतायत आणि हिरडी दाबली की कडेने पू. दुखत नव्हतं म्हणून कधी बोलली नाही.

रक्त पण कधी आलं नाही आणि त्याचं कारण डेंटिस्टनी सांगितलं तेव्हा आम्ही गप्पच झालो. आई लग्नाआधीपासून मिश्री लावते, आमच्या साताऱ्याकडे घरोघरी तव्यावर तंबाखू भाजून करतात तीच, दात स्वच्छ राहतात म्हणे. त्या तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग आतून हाड झिजत असलं तरी ब्रशला रक्त दिसत नाही. म्हणजे जी खूण बघून माणूस घाबरून डॉक्टरकडे जाईल तीच गायब!

शुगर वाढली की हिरड्यांचं इन्फेक्शन बळावतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण उलटं पण होतं, हिरडीत कायम सूज राहिली की शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि शुगर हटत नाही. हे काही नवीन नाही, हाराल्ड लो या दंततज्ज्ञांनी १९९३ मध्येच हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचं सहावं कॉम्प्लिकेशन म्हटलं होतं. २०२२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूप्रमाणे, म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षाप्रमाणे, हिरड्यांची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे तीच तीन महिन्यांची शुगर, सरासरी ०.४३ ने उतरतं. जादू नाही ही, गोळ्या चालूच ठेवायच्या, पण फुकट सोडण्यासारखा आकडा पण नाही. आईचं ९.१ वरून ८.५ झालं, आता त्यात मिश्री निम्म्यावर आणल्याचा वाटा किती ते देव जाणे.

आणि क्लिनिंग केलं की दात सैल होतात हे आमच्या शेजारपाजारच्यांनी तिला इतकं सांगितलं होतं की खुर्चीत बसायला तयार नव्हती. अहो, किटणाच्या आधारावर उभा असलेला दात आधीच सैल असतो, किटण काढल्यावर फक्त कळतं.

आता मुद्दा. तिशीच्या वरच्या लोकांची सरकारी तपासणी होते त्यात शुगर बघतात आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी तोंडही बघतात. तोंड उघडलेलंच आहे, तर तेवढ्यात हिरड्यांवर पण नजर टाकायला कितीसा वेळ लागतो? खासगीत तर आणखी गंमत, शुगरचे डॉक्टर तोंडात बघत नाहीत आणि दातवाले दात काढायचा असला तरच शुगर विचारतात. निदान शुगरच्या फाईलवर डोळे आणि पाय तपासल्याच्या तारखा लिहितात तिथे खाली ‘दात कधी दाखवले’ एवढी एक ओळ तरी छापा.

आपला,
एक वाचक, कराड